बोरिवली, घाटकोपर, मुलुंड: बाबांना भोपळा खायला नेलं त्याची गोष्ट

या ब्लॉगवर एरवी गडकिल्ल्यांच्या वाटा, पाण्याच्या टाक्या आणि परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ असा मजकूर असतो. यावेळचा प्रवास मुंबईतच झाला. पार्ल्याहून निघून बोरिवली, तिथून घाटकोपर, मग मुलुंड आणि परत पार्ले. शुक्रवारी निघालो, रविवारी घरी आलो. चढण म्हणाल तर मेट्रोच्या जिन्याची, आणि तिथेही लिफ्ट आहे.

कारण सांगते. माझ्या बाबांना तोंडाचा कर्करोग झाला होता. दिंडोशीच्या कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी, खिशात कायम तंबाखूची पुडी. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आजार आटोक्यात आला. जखमाही भरल्या. पण लाळ सुटणं जवळपास बंद झालं आणि चव गेली. आई विचारायची, "कसं लागतंय?" बाबा म्हणायचे, "ओल्या पुठ्ठ्यासारखं." दोन घास खाऊन ते ताट सरकवायचे. वजन उतरत होतं. किरणोपचार चालू असताना काही आठवडे नाकातून नळी घालून त्यांना अन्न द्यावं लागलं होतं. डॉक्टरांनी आता एक आकडा सांगितला होता. पुढच्या तपासणीला वजन त्याच्या खाली दिसलं, तर नळी परत. ते ऐकून बाबांचा हात नाकाकडे गेला.

मी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. रंग ब्रशवरून कसा ओघळतो, भिंतीवर कुठे थांबतो हे तपासणं माझं काम. त्यामुळे बाबांच्या जेवणाकडे मी त्याच नजरेने पाहिलं. लाळ नसलेल्या माणसाला फार पातळ पदार्थ दिला तर ठसका लागतो, घट्ट दिला तर घशात बसतो. बटाटा कुस्करला की चिकट होतो. रताळ्याचा तोबरा बसतो. दुधी पाणी सोडतो. लाल भोपळा नीट वाफवून घोटला तर मऊ, एकसंध आणि घसरता होतो. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनीही तोच सुचवला. त्यात अ जीवनसत्त्व बनवणारं केशरी द्रव्य भरपूर असतं, तंतू असतात, पोटॅशियम असतं. एक अडचण होती. भोपळ्यात पाणी जास्त आणि उष्मांक कमी, म्हणून तो वजन उतरवणाऱ्यांना देतात. आम्हाला नेमकं उलट हवं होतं. त्यावर उपाय म्हणजे तूप, दाण्याचं कूट, साय, दूध पावडर. तुपाचा दुसराही उपयोग आहे. ते केशरी द्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतं. (मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.)

आईने भोपळा केला. बाबांनी दोन चमचे खाऊन वाटी सरकवली.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. माझ्या बाबांनी दुसऱ्याच्या घरी पानात कधीही काही टाकलेलं नाही. एकदा एका लग्नात आमटी आंबलेली होती, तीसुद्धा त्यांनी संपवली होती. घरी नाही म्हणता येतं, पाहुणा म्हणून गेल्यावर येत नाही. मी तीन घरं निवडली. तिन्हीकडे मेसेज पाठवला: लाल भोपळा, मिरची नको, खोबऱ्याचा कीस नको, चमच्यातून पडताना धार तुटू नये, तूप सढळ. आईला सांगितलं, तू तीन दिवस विश्रांती घे. बाबांना सांगितलं, सगळे भेटायला बोलावतायत.

शुक्रवार: बोरिवली

पार्ले पूर्वेहून रिक्षाने गुंदवली मेट्रो स्थानक. तिथून देवीपाड्यापर्यंत तिकीट माणशी तीस रुपयांच्या आसपास. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा, बसायला हमखास मिळतं. सोबत आजारी माणूस असेल तर पाण्याची बाटली पिशवीत ठेवू नका, हातात ठेवा. बाबांना दर दोन-तीन स्थानकांनी घोट लागत होता. दिंडोशी आलं तेव्हा ते खिडकीकडे वळले आणि कोर्टाची इमारत शोधू लागले. मी विचारलं, "दिसली?" म्हणाले, "दिसली. रंग उडालाय. तुझ्या कंपनीचा असेल."

बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला टोमणा मारला होता.

सुमनआत्या बाबांची थोरली बहीण. देवीपाडा स्थानकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहते. दार उघडून तिने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"विलास, अरे काठी झालायस नुसता! आणि हा शर्ट कुणाचा घातलायस?"

"माझाच आहे, ताई."

"मग तू कुणाचा आहेस?"

आत्याने दह्यातलं भरीत केलं होतं. भोपळ्याच्या फोडी पाणी न घालता वाफवायच्या. डब्यात घालून कुकरला लावल्या तरी चालतं, पण मग सुटलेलं पाणी निथळून घ्यायचं. ते टाकू नका, वरणात घाला. फोडी गरम असतानाच घोटायच्या, गार झाल्या की गुठळ्या राहतात. दही घरचं, आंबट नसलेलं, आणि भोपळा कोमट झाल्यावरच घालायचं, नाहीतर फुटतं. वर तुपात हिंग, जिरं आणि मेथीचे चार दाणे. मोहरी तिने मुद्दाम टाळली होती, कारण ती घशात अडकते. हे माझ्या मेसेजमध्ये नव्हतं.

बाबांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि तसाच धरून ठेवला. आत्या समोर बसून पाहत होती.

"गिळ."

"गिळतोय गं."

"पानात टाकायचं नाही हां. आईने काय शिकवलं होतं?"

"मी अठ्ठावन्न सालचा आहे, ताई. मला कळतं."

"मी चोपन्न सालची आहे. मला जास्त कळतं."

फार वेळ लागला, पण वाटी संपली. संध्याकाळी आत्याने घारगे केले. भोपळ्याचा कीस गुळात शिजवून, त्यात मावेल तेवढी कणीक मळून तळलेल्या जाड पुऱ्या. बाबांना त्या कोरड्या पडल्या असत्या, म्हणून तिने दोन घारगे गरम दुधात भिजवून, चमच्याने मोडून दिले. तेही संपले. बाबा झोपायला गेल्यावर आत्याने मला विचारलं, "उद्या कुठे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्याला कळलं तर चिडेल हां तो. लहानपणी औषध लाडवात घालून दिलं होतं, तर वर्षभर लाडूला हात लावला नव्हता त्याने." मी म्हटलं, कळणार नाही.

शनिवार: घाटकोपर

मेट्रोनेच परत गुंदवलीला आलो. तिथून पुलावरून थेट पश्चिम द्रुतगती मार्ग स्थानकात जाता येतं, रस्ता ओलांडावा लागत नाही. पुढची मेट्रो घाटकोपरला नेऊन सोडते. पुलावर चालणं बरंच आहे, पण छत आहे. बाबा मध्ये दोनदा थांबले. दोन्ही वेळा त्यांनी खालची वाहतूक बघत असल्याचं दाखवलं. मीही वाहतूक बघितली.

घाटकोपर पूर्वेला पंतनगरात खरातकाका राहतात. ते बाबांच्याच कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या दारात समन्स घेऊन जाण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज कायम जिन्यातून मारलेल्या हाकेसारखा असतो. मूळचे जालन्याकडचे. त्यांच्याकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. देवघर नसलेल्या त्यांच्या नीटनेटक्या बैठकीत बुद्धाच्या मूर्तीपुढे ताजी फुलं होती आणि शेजारी नातवाच्या बॅडमिंटनच्या ट्रॉफ्या.

"ये रे विल्या! तोंड गोड करणार होतो, पण म्हटलं, तुला कळणार कुठं?"

"अहो!" काकू आतून ओरडल्या.

बाबा हसले. त्यांना असं बोललेलं आवडतं. घरी आम्ही सगळे फार जपून बोलत होतो.

काकूंनी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात कालवल्या होत्या आणि सोबत डांगराची भाजी. तेलात जिरं-लसूण, मग फोडी, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ. पाणी वरून घालायचं नाही, हे इथेही आलंच. शिजल्यावर पळीच्या पाठीने ठेचून त्यात भाजलेल्या दाण्याचं अगदी बारीक कूट. कूट चाळून घेतलेलं होतं, चिमटीत घेतलं तरी कण लागत नव्हता. डांगराच्या बिया धुऊन, वाळवून, भाजून त्यांची पूडही त्यांनी बरणीत भरून ठेवली होती. बियांत प्रथिनं आणि जस्त असतं, टाकू नयेत. मात्र घशाच्या रुग्णाला अख्ख्या देऊ नका.

बाबा सावकाश पण न थांबता खात होते. मला मनातून बरं वाटत होतं. तेवढ्यात खरातकाका म्हणाले, "काय मग, जमलंय का? तुझ्या पोरीचा मेसेज वाचून आमची ही दोन दिवस टेन्शनमध्ये होती. मिरची नको, कीस नको, चमच्यातून पडताना धार तुटली नाही पाहिजे! मी म्हटलं, अगं, ही डांगराची भाजी आहे की ऑईल पेंट?"

काकूंनी डोळे मोठे केले. काकांना ते दिसले, पण उशिरा.

बाबांनी चमचा ताटात ठेवला. "कधी आला मेसेज?"

"अरे, असाच… आला होता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "अजून कुणाला?"

"तिघांनाही," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी ताटातलं संपवलं. काकू वाढायला आल्या तेव्हा ताटावर हात आडवा धरला. निघताना खरातकाका मला जिन्यात म्हणाले, "वाट लावली ना मी? सॉरी बेटा." मी म्हटलं, भाजी छान होती. ते खरंही होतं.

शनिवार संध्याकाळ: मुलुंड

घाटकोपरहून मुलुंडला एलबीएस रस्त्याने रिक्षा घेतली. ही चूक तुम्ही करू नका. शनिवारी संध्याकाळी कांजूरमार्ग ते भांडुप हा पट्टा जवळपास उभाच असतो. तासभर आम्ही शेजारी बसलो होतो. विक्रोळी मागे पडली.

"मला वाटलं, मला बोलावलंय," मग ते म्हणाले.

"बोलावलंच होतं."

"नाही. तू मला तपासायला पाठवलंस. डबीत भरून."

 बचाव करता आला असता, पण आकडा मला माहीत होता आणि त्यांनाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "वैशालीला फोन कर. मी जेवणार नाही. पानावर बसून नाही म्हणायची वेळ आणू नकोस."

वैशालीमावशी आईची धाकटी बहीण. बँकेची एक शाखा सांभाळते, मोठमोठ्या थकबाकीदारांना समोर बसवून घाम फोडते. मुलुंड पश्चिमेला राहते. मावसाकाका कामानिमित्त नाशिकला गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा स्वयंपाकाचा पत्ता नव्हता. ओट्यावर अख्खा लाल भोपळा होता, चांगला मोठा, खाली ओलं फडकं घालून बसवलेला.

"मावशी, बाबा जेवणार नाहीयेत."

"जेवण झालंच कुठे आहे?" मावशी वैतागली होती. "तुझ्या काकांनी जाताना फोडून ठेवायचं कबूल केलं होतं. विसरले. मागच्या वेळी वॉचमनला बोलावलं होतं, आज तोही सुट्टीवर."

"फोडायला वॉचमन?"

"अगं, अख्खा भोपळा बाईने फोडायचा नसतो. घरातला थोरला मुलगा असतो तो. पहिला वार पुरुषाने करायचा, मग पुढचं आपण चिरायचं."

ही रूढी अनेक घरांत आहे हे मला ठाऊक होतं. शाखा-व्यवस्थापक असलेल्या मावशीच्या घरात ती असेल असं वाटलं नव्हतं. मी सुरी उचलली. तिने माझं मनगट धरलं.

"तू तर मुळीच नाही."

"मावशी, हे फळ आहे. वेलीला येतं."

"मला कळतं गं. माझा विश्वास नाहीये. पण आईने इतक्यांदा सांगितलंय की हात होत नाही. उद्या काही झालं तर आयुष्यभर वाटत राहील ना?"

आमचा आवाज वाढला असावा. बाबा दारात येऊन उभे होते.

"काय चाललंय?"

"भाऊजी, तुम्हाला जेवायचं नसेल तर नका जेवू," मावशी म्हणाली. "पण एवढा भोपळा फोडून द्या. आम्ही दोघी उपाशी आहोत."

मला आजही ठाऊक नाही की ती हे ठरवून म्हणाली की खरंच भुकेने. बाबा ओट्याशी आले. भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, देठ पाहिला, नख रोवून पाहिलं. "चांगला आहे. जून आहे." सुरी देठाच्या बाजूने रोवली. ती निम्म्यात अडकली. त्यांच्या दंडात जोर उरला नव्हता. मी पुढे होणार होते, पण झाले नाही. त्यांनी लाटणं मागितलं आणि सुरीच्या पाठीवर तीन-चार ठोके घातले. भोपळा कर्रकन दुभंगला. आत गर्द केशरी.

त्यांचं काम तिथे संपलं होतं. ते थांबले नाहीत. बिया काढल्या, चकत्या केल्या, साल काढली. मध्ये एक स्टूल ओढून घेऊन बसले. फोडी चिरताना म्हणाले, "आमची आई एवढ्याच करायची. लहान केल्या की लगदा होतो, मोठ्या केल्या की मध्ये कच्च्या." मावशीने कढई पुढे ठेवली. त्यांनी तूप घातलं. मी मापून सांगितलं असतं त्यापेक्षा जास्त. जिरं, किसलेलं आलं, फोडी, झाकणावर पाणी. मावशी मदतीला सरकली तर म्हणाले, "तू टीव्ही बघ."

झाकण काढलं तेव्हा ते कढईवर वाकले आणि बराच वेळ वाफेत तसेच उभे राहिले. "वास येतोय," म्हणाले. "थोडा, पण येतोय."

मग घोटलं, साय घातली, मीठ घातलं. चाखून पाहिलं, पुन्हा मीठ घातलं, पुन्हा चाखलं, पुन्हा घातलं. मावशीने चमच्याच्या टोकावर घेऊन पाहिलं आणि झटकन माझ्याकडे बघितलं. मी 'नको' अशी मान हलवली. तिने ते गिळून "झकास!" म्हटलं.

बाबा ओट्याशी उभ्यानेच, कढईतून, पळीने खात होते. त्यांना कुणी वाढलं नव्हतं आणि कुणी आग्रह केला नव्हता. मी फोन काढला नाही, काही टिपलं नाही. आम्ही दोघींनी आपापल्या ताटात भरपूर दही घेतलं आणि जेवलो.

रविवार: परत

मुलुंडहून पार्ल्याला जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडने टॅक्सी घ्या आणि रविवारी सकाळी लवकर निघा. रस्ता मोकळा मिळतो, पवईचा तलाव उजव्या हाताला दिसतो. मावशीने उरलेला अर्धा भोपळा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होता. चिरलेला भोपळा फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, बियांचा गाभा आधी काढलेला हवा. अख्खा असेल तर हवेशीर जागी आठवडे राहतो. विकत घेताना देठ वाळलेला आणि साल नखाने न ओरखडणारी पाहा.

आईने दार उघडलं तर बाबा भोपळा घेऊन थेट स्वयंपाकघरात. "कढई कुठे असते आपली?" इतक्या वर्षांच्या संसारानंतरचा हा प्रश्न. आई मला म्हणाली, "तुम्ही काय केलंत गं यांचं?" मी म्हटलं, माझा प्लॅन फसला.

त्यानंतर रोज एक वेळचा भोपळा बाबा करतात. कधी भरीत, कधी खीर, एकदा थालीपीठ करून पाहिलं, ते फार कोरडं झालं. संपल्यावर पार्ल्याच्या बाजारातून अख्खा आणला, तो मी फोडला. कुणाला काही झालं नाही. शिजवला मात्र त्यांनीच. मीठ ते हातानेच घालतात आणि दर वेळी खूप घालतात. आईला रक्तदाबाचा त्रास आहे. ती स्वतःपुरतं बिनमिठाचं वरण शेजारी घेते आणि भरिताला बोट लावून "छान" म्हणते. मीही खाते. सांगायचं नाही, हे आमचं न बोलता ठरलं होतं.

तपासणीच्या दिवशी बाबा काट्यावर चपला काढून, खिशातलं सगळं बाहेर ठेवून उभे राहिले. वजन त्या आकड्याच्या वर होतं. फार नाही, पण वर, आणि मागच्या वेळेपेक्षा किंचित जास्त. डॉक्टर म्हणाले, नळीचा विचार सध्या बाजूला ठेवू. चवीबद्दल विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही, काहींना महिने लागतात, काहींना पूर्ण येत नाही. एका भाजीने काही बरं होत नाही, हे मलाही माहीत आहे. भोपळा औषध नाही. तो मऊ आहे, स्वस्त आहे, बारा महिने मिळतो आणि आजारी माणसाला स्वतः शिजवता येतो. यातला शेवटचा गुण मी आधी मोजलाच नव्हता.

गेल्या बुधवारी मी कामावरून आले तेव्हा ते दोघं जेवायला बसले होते. बाबांनी भरिताचा पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, ठसका लागतोय. आईने पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. अजून एक घास घेतला, मग जिभेच्या टोकावर अगदी थोडंसं.

"खारट आहे," ते म्हणाले.

आईने पेला खाली ठेवला.

"खारट झालंय गं हे. चांगलंच खारट." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही दोघी इतके दिवस हे असंच खाताय?"